वयाचा रकाना

मुंबई-ठाण्याची माणसं शहापूर-मुरबाडकडे जमिनी बघायला येऊ लागली तेव्हापासून एक प्रश्न माझ्या वाट्याला सतत येतो. या दोन तालुक्यांत मी आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून नोकरी काढली, हे कुणीतरी सांगतं. मग गाडीतून उतरलेले साहेब माहुलीच्या सुळक्यांकडे बघत विचारतात, "सिस्टर, इथली माणसं सहज शंभरी गाठत असतील, नाही? अशी हवा, रानभाज्या, नाचणीची भाकरी, डोक्याला ताप नाही..." विचारताना त्यांच्या आवाजात थोडा हेवा असतो. शेजारी उभा असलेला एजंट लगेच मान डोलावतो, कारण प्लॉट त्याला विकायचा असतो.

मला मान डोलावता येत नाही, आणि नुसतं 'नाही' म्हणूनही भागत नाही. डोळ्यांना दिसतं ते साहेबांच्याच बाजूचं असतं. डोळखांबच्या रस्त्यानं चैत्राच्या उन्हात लाकडाची मोळी घेऊन चालणारी, दात गेलेले पण पाठ ताठ असलेली म्हातारी मी कितीतरी वेळा पाहिली आहे. माझ्या शहरातल्या मैत्रिणी गुडघ्यांच्या ऑपरेशनची चौकशी करत असतात आणि ही बाई मोळीसकट बांध उतरून जाते. पण ती दिसते म्हणून मोजली जाते. तिच्याबरोबर जन्मलेल्या बाकीच्या दिसत नाहीत.

आधी वयाचंच बघू, कारण आमच्या प्रत्येक कागदावर तो रकाना असायचा. माझं माहेर जुन्नरकडचं. एस.टी.नं माळशेज उतरून मुरबाड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाले तेव्हा घरोघरचा सर्व्हे हे पहिलं काम होतं. म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं की उत्तर यायचं, "लिवा ना ताय तुमच्या मनानं." मनानं कसं लिहायचं? मग आम्ही खुणा शोधायचो. सिद्धगडच्या बाजूचे म्हातारे सांगायचे, कोतवालांना मारलं तेव्हा मी गुरं राखायचो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर हुतात्मा झाले ती तारीख 2 जानेवारी 1943. गुरं राखणारं पोर म्हणजे आठ-दहा वर्षांचं धरायचं आणि तिथून पुढे मोजायचं. शहापूरकडे मोडकसागर धरणाचं काम, म्हणजे 1957 च्या आधीची दोन-तीन वर्षं. "मी तिथं माती वाहिली, तवा माझं लगीन झालं होतं." पुढची पिढी बहात्तरचा दुष्काळ सांगायची. अशा हिशेबात पाच वर्षं इकडे किंवा तिकडे सहज व्हायची, कधी दहा.

मग आधार कार्ड आलं आणि सगळ्यांना जन्मतारीख मिळाली. एखाद्या पाड्यातली कार्डं एकाखाली एक ठेवून बघा, निम्मी म्हातारी माणसं 1 जानेवारीला जन्मलेली निघतील. कार्ड काढणाऱ्या पोरानं चेहरा बघून साल टाकलेलं असतं. यात गमती होतात. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन पासष्टाव्या वर्षी मिळतं, म्हणून काही जण त्या आकड्याला घाईनं पोचले. 2022 साली पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट झाली, तेव्हा टोकावड्याच्या स्टँडवर एक आजी कंडक्टरशी तावातावानं भांडत होत्या. आधारवाल्यानं त्यांना तरुण दाखवलं होतं. मला तर वाटतं, ज्या उन्हानं चेहरा रापतो त्यावरून वय ओळखायचं असेल तर आमच्याकडची चाळिशीतली बाईसुद्धा साठीची ठरेल.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. जगात ज्या बेटांवर आणि डोंगराळ गावांत शंभरीपुढची माणसं फार आहेत असं सांगितलं जातं, त्यांच्या नोंदी सॉल जस्टिन न्यूमन नावाच्या संशोधकानं तपासल्या. त्याला दिसलं की अतिवृद्धांची गर्दी बहुतेक वेळा तिथंच आढळते जिथं जन्ममृत्यूची दप्तरं धड नाहीत. या कामाला 2024 साली इग नोबेल मिळालं. हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन म्हणून ते बक्षीस देतात. आपल्याकडे खात्रीनं शंभरी ओलांडलेलं नाव घ्यायचं तर महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं. 18 एप्रिल 1858 ला जन्म, 9 नोव्हेंबर 1962 ला मृत्यू. दोन्ही टोकं कागदावर पक्की.

आमच्याकडे अशी पक्की टोकं नाहीत, पण म्हाताऱ्या बायका आहेतच. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी आजीबाईंची शाळा आहे. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी 8 मार्च 2016 ला ती सुरू केली, मोतीराम दलाल ट्रस्टची मदत मिळाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसतात. पेपरांत फोटो आले, परदेशातून माणसं बघायला आली. ती शाळा डोळ्यांसमोर आली की माझ्यातली नर्स गप्प बसत नाही. या बायका एवढं वय गाठून, डोळे शाबूत ठेवून, मुळाक्षरं गिरवायला पोचल्या त्या कशा? आणि त्यांच्या सोबतच्या किती जणी मधेच गेल्या?

या प्रश्नाचं उत्तर आमच्या गरोदर मातांच्या रजिस्टरमध्ये लपलेलं असतं. त्यात एक ओळ असते: एकूण खेपा किती, बाळंतपणं किती, जिवंत मुलं किती. तरुण पोरीला विचारायची ती ओळ मी मुद्दाम तिच्या सासूला आणि आजेसासूलाही विचारायचे. चुलीपुढे बसलेली आजेसासू, काटकी मोडता मोडता, अजिबात न थांबता सांगायची, "नऊ झाली बाय. चार हायत." पाचांचं काय झालं? एक गोवरात, एक जुलाबात, एक 'अंगात उष्णता भरून', दोन बाळंतपणाच्या खोलीतच. नावं ठेवायच्या आधी गेलेल्यांना नावं नाहीत. सासूचं उत्तर सहातली चार किंवा पाच असं असायचं. आणि आताची सून म्हणते, "दोन. दोन्ही हायत."

एका घरातल्या तीन बायकांची ही तीन उत्तरं मला आयुर्मानाच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगतात. हिशेब सोपा आहे. दहा मुलं जन्मली, त्यातली तीन वर्षाच्या आत गेली आणि सात जण सत्तरी गाठून गेले, तर सरासरी आयुष्य येतं 49. म्हणजे गावात सत्तरीची माणसं भरपूर दिसतात, पण सरासरी पन्नासच्या आतच राहते. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या देशाचं सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास होतं. याचा अर्थ लोक बत्तिशीत म्हातारे होऊन मरत होते असा नाही, पाळणे रिकामे होत होते असा आहे. नमुना नोंदणीच्या 2016 ते 2020 च्या आकड्यांत देशाचं आयुर्मान 70 आहे, महाराष्ट्राचं 73 च्या जवळ. वाढ झाली त्यात मोठा वाटा लहान मुलं जगण्याचा. म्हातारपण लांबण्याचा वाटा त्याच्या मागून येतो.

पण सरासरीच्या पोटात आणखी सरासऱ्या असतात. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2018 मध्ये आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला. त्यात आदिवासींचं आयुर्मान 63.9 वर्षं आणि सर्वसाधारण लोकांचं 67 असं मांडलं आहे. शुद्ध हवेत, रानाच्या कुशीत राहणारे ते हेच. साहेबांना मी हा आकडा सांगितला की त्यांना तो खोटा वाटतो.

आहाराकडे येते. इथल्या खाण्याबद्दल मला खरंच आदर आहे, आणि राग येतो तो त्याच्या अर्ध्याच गोष्टीवर लिहिणाऱ्यांचा. होळीच्या सुमाराला मोह गळतो, फुलं वाळवून ठेवतात, बियांचं तेल काढतात. वैशाखात करवंदं, जांभळं, फणस. पहिल्या पावसात शेवळं उगवतात, ती घशाला खाजू नयेत म्हणून काकडांबरोबरच शिजवायची. मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी, बांबूचे कोंब. ओढ्याला पाणी फुटलं की वळगणीचे मासे, रात्री बत्ती घेऊन खेकडे. दिवाळीला भात घरात येतं, थंडीत वाल आणि तूर. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरी. शंभर ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही नसतं. मोळी घेऊन बांध उतरणाऱ्या आजीच्या हाडांत ही नागली आहे, शिवाय आयुष्यभराचं चालणं आहे, हे मी नाकारत नाही. ही पिढी तपासताना साखरेचा आजार क्वचितच सापडायचा.

आता उरलेली अर्धी गोष्ट. आवणी संपली की आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसतो. ज्याला जमीनच नाही त्या कातकऱ्याच्या घरात तर कणगीच नसते. रानात कडूकंद खणायचा, काप करून राख घालून उकडायचा, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा त्याचं कडू विष उतरतं. मुंबईच्या रानभाजी महोत्सवात त्याची कौतुकानं माहिती देतात. पण पोटात दुसरं काही नसलं तरच माणूस एवढ्या खटाटोपानं एक कंद खातो. सरकारलाही ही भूक ठाऊक होती, म्हणून तर खावटी कर्ज नावाची योजना होती आणि कोविडच्या काळात तिचं अनुदान झालं. आमच्या वजनकाट्यावर ही भूक स्पष्ट दिसायची. आषाढापासून पोरांचं वजन थांबायचं, भादव्यात उतरायचं, आणि त्याच महिन्यांत जुलाब, ताप, न्यूमोनिया टपून असायचे. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. तो भाग तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. त्यानंतर 1995 ला नवसंजीवनी योजना आली, पावसाळ्यात पाड्यांवर फिरणारी डॉक्टरांची भरारी पथकं आली. पोटभर जेवणारं मूल गोवरातून उठतं, उपाशी मूल उठत नाही. त्यामुळे आहार आणि औषधोपचार यांतलं कोण मोठं, या वादात मला कधी रस वाटला नाही.

घरात जेवायला शेवटी कोण बसतं, हेही आहारातच येतं. भांड्याच्या तळाशी उरलेलं कालवण आणि भाकरी हे सुनेचं जेवण. हिमोग्लोबिन सात-साडेसात असलेल्या पोरी हसत हसत आवणीला जायच्या. भूक मारायला मशेरी. सकाळी एकदा, दुपारी एकदा, मग हिरड्यांना सवयच लागते. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की मी बाहेरूनच ओरडायचे, आणि आतून सासू-सून दोघी मिळून हसायच्या. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते म्हणून गोळ्या छपराच्या कुडात खोचलेल्या मला सापडायच्या. 

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ताटच बदललं. वरकसची नागली मागं पडली, कारण उतारावर राबायला तरुण हात उरले नाहीत आणि रेशनचा तांदूळ घरपोच नसला तरी गावपोच झाला. मी रेशनच्या विरोधात नाही. ज्यानं भादवा पाहिला आहे तो असणारच नाही. पण तिन्ही त्रिकाळ पांढरा भात, वर गोड कोरा चहा, आणि पोराच्या हातात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा, हे नवं जेवण आहे. आसनगाव-कसाऱ्याहून पहाटेच्या लोकलनं बायका शेवळं-कंटोळी घेऊन कल्याण-ठाण्याला जातात, स्टेशनबाहेर बसून विकतात. शहरातली माणसं ती 'औषधी' म्हणून घासाघीस करून नेतात. बाई त्या पैशातून बिस्किटांचे पुडे घेऊन संध्याकाळी घरी. रानातली भाजी शहराच्या ताटात आणि शहरातला पुडा रानाच्या ताटात.

हवेबद्दल बोलताना पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे जुलैतला माळशेज असतो, धबधबे आणि धुकं. माझ्या डोळ्यांपुढे जुलैतलीच रात्र येते. घरात पाणी शिरू नये म्हणून ओटा थोडा उंच केलेला, खाली सगळे ओळीनं झोपलेले, कोपऱ्यात भाताचं पोतं, पोत्यामागे उंदीर आणि उंदरांमागे मण्यार. मण्यार चावते तेव्हा फारसं दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा दात उमटलेलेही दिसत नाहीत. पहाटे पोर उठतं आणि पोट दुखतं म्हणतं. मग पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो.

असं एक पोर मी झोळीत पाहिलं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. पाड्याच्या आणि डांबरी रस्त्याच्या मधे ओढा होता, ओढ्याला पूर. काठ्या लावून, घोंगडीची झोळी करून चौघांनी त्याला वरच्या अंगानं वळसा घालून आणलं. रस्त्याला आल्यावर जीपची वाट बघितली. मी नाडी बघितली तेव्हा ती सापडली नाही. बाप मला म्हणाला, "बाय, रातच्याला जेवला व्हता चांगला." नागलीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण.

पुष्कळ वर्षांनी, शहापूर तालुक्यात असताना, जवळजवळ तसंच घडलं. तेच दिवस, तेच पोटात दुखणं. तोवर पाड्यापर्यंत कच्चा का होईना रस्ता झाला होता आणि 2014 पासून 108 ची गाडी आली होती. आशाताईनं पोराच्या पापण्या बघितल्या आणि भगताला बाजूला सारून आधी फोन लावला. भगतही समजूतदार निघाला, आपला अंगारा लावून म्हणाला, "आता दवाखान्यात न्या." उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविष सुरू झालं, पुढे श्वासासाठी यंत्र लागेल म्हणून गाडीतच तोंडावर पिशवी दाबत त्याला ठाण्याला नेलं. काही दिवसांनी ते पोर परत आलं आणि शाळेत गेलं. तेच रान, तोच साप, तीच भाकरी. एकाचं आयुष्य सात वर्षांचं, दुसऱ्याचं कदाचित सत्तर वर्षांचं. हवा-पाणी-अन्नानं माणसं जगतात असं कुणी म्हटलं की मला या दोघांमधला तो ओढा आठवतो.

पाऊस असा, तर उन्हाळा वेगळा. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकटी भातसा उचलते. आणि एप्रिल-मे मध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. टँकर येईपर्यंत बायका नदीपात्रात खड्डा उकरून वाटी-वाटीनं पाणी भरतात. याचा आयुष्याशी काय संबंध, असं वाटेल. बाळंत होऊन महिना झाला नाही तोवर दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेला घेऊन चढ चढणाऱ्या बाईचं अंग बाहेर येतं. ती ते वीस वर्षं कुणाला सांगत नाही. फडकं बांधून काम करत राहते. त्यातनं येणारी जळजळ, ताप, अशक्तपणा याला कुठल्याच आकडेवारीत जागा नाही. गढूळ पाण्याचे जुलाब तर आहेतच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. त्या सात महिन्यांत पोराची लस चुकते, वजन चुकतं, अंगणवाडी सुटते. कार्ड घेऊन भट्ट्या शोधत फिरणं हे आमच्या नोकरीतलं सगळ्यात धुळीचं काम होतं. मुकादम आधी आत सोडायचा नाही, मग "लवकर टोचा, कामं थांबलीत" म्हणायचा.

पौषात मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्या, तमाशा, पाळणे. आरोग्य खात्याचा स्टॉल असायचा, त्यावर मी ब्लडप्रेशर बघायला बसायचे. सुरुवातीला लोक यंत्राला घाबरायचे, नंतर रांग लागायची, कारण ते फुकट होतं आणि बसायला खुर्ची मिळायची. त्या रांगेनं मला एक नवी गोष्ट शिकवली. एकशेऐंशी, एकशेनव्वद असे वरचे आकडे असलेली माणसं बैलाचा सौदा करून हसत हसत यायची. काही दुखत नव्हतं, म्हणून आजार नव्हता. खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पेजेत मुठीनं मीठ, वर बिडी किंवा मशेरी. बाकी सगळं 'नैसर्गिक'.

जपानमधल्या नागानो या डोंगराळ प्रांताची गोष्ट मला एका प्रशिक्षणात कळली आणि ती मी नंतर जत्रेतल्या रांगेतही सांगितली. तिकडे थंडी कडाक्याची, हिवाळाभर खारवलेल्या भाज्यांवर काढायचा, आणि माणसं पक्षाघातानं पटापट जायची. डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी 1945 ला तिथल्या साकू रुग्णालयात आले. ते गावोगाव जाऊन रोगांवर नाटकं करायचे. 1959 पासून याचिहो गावात सगळ्या गावकऱ्यांची दरवर्षी तपासणी सुरू झाली. गावातल्याच बायका स्वयंसेविका झाल्या, घरोघर जाऊन मीठ कमी करायला शिकवू लागल्या. 1947 मध्ये जपानी पुरुषाचं आयुर्मान 50 होतं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. पुढे तोच डोंगराळ नागानो प्रांत त्या देशात आयुर्मानात पहिल्या ओळीत आला. डोंगर तेच होते आणि थंडीही तीच होती. आपल्याकडे 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अडाणी म्हणून बाजूला सारलेल्या बायकांना हाताशी धरून असंच काम उभं केलं. पुढे आलेल्या आशाताईंच्या कामाची ओळख महाराष्ट्राला तिथूनच होती.

रांगेतल्या एका आजोबांनी गोष्ट नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "मग त्या लोकांनी सुकट सोडली का?" मी म्हटलं, सोडली नाही, कमी केली. ते म्हणाले, "ती बाईमाणसं रोज घरी यायची म्हणताय. तुम्ही वरसातनं एकदा जत्रेत भेटताय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्लडप्रेशरच्या गोळीला पैसे फार लागत नाहीत, आमच्या केंद्रात ती फुकट मिळते. पण ती रोज लागते. महिन्याच्या गोळ्या आणायला पाड्यावरून केंद्रापर्यंत यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. पूर्वी मुलगा आणायचा, तो आता भिवंडीच्या गोदामात आहे आणि सणाला येतो. म्हणून म्हातारी गोळी अर्धी मोडून पुरवते, किंवा बरं वाटलं की बंदच करते.

लहान मुलं जगवायला आपण शिकलो, निदान पुष्कळ शिकलो. सुनेची दोन झाली आणि दोन्ही आहेत. पण त्या मुलांची आजी आता पन्नाशी-साठीत जाते, आणि ते कुणाला फारसं खटकत नाही. 

निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी एका ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही मेळ घालायला घेतली होती. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीनं लिहिलेलं, वृद्धापकाळ, वृद्धापकाळ, वृद्धापकाळ. शेजारी वय, 61, 58, 66, एकीचं तर 54. त्या चौपन्नच्या बाईच्या घरी मी आशाला घेऊन गेले. सून म्हणाली, आदल्या दिवशी तोंड वाकडं झालं, डावा हात उचलेना, आम्हाला वाटलं वारं गेलं. आमच्या कार्डावर तिचं प्रेशर दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं, वरचा आकडा दोनशे. ग्रामसेवकांकडे परत जाऊन मी म्हटलं, भाऊसाहेब, चौपन्नाव्या वर्षी वृद्धापकाळ कसा हो? तुमचं वय काय?

"पंचावन्न," ते म्हणाले. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मॅडम, डॉक्टरचा कागद नसतो. घरचे सांगतात ते लिहितो. तुम्ही सांगा, काय लिहू?"

मी पक्षाघात लिहायला सांगितलं, आणि मागच्या पानांवरच्या बाकीच्या नावांची यादी करून घेतली. त्या घरांना आशाला घेऊन जायचं होतं.